पाव इंच माया

आमच्या घरात ‘रेडिमेड’ ही शिवी होती. शिरूरच्या बाजारपेठेत आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिलाईचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं आमचं बिऱ्हाड. कुणी कामात टंगळमंगळ केली की आप्पा म्हणायचे, "नुसतं रेडिमेड हाय!" आमटी अळणी झाली तर आमटी रेडिमेड. शेजारच्यांचा नवा जावई गुळमुळीत बोलला तर जावईसुद्धा रेडिमेड. अशा घरातली मी मुलगी, आणि मी जीव टाकला तो एका रेडिमेड विमानावर. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं मी फार शहाणपणा करायला लागले तर तुम्हाला मला गप्प बसवता येईल.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी नुकतीच दौंडला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते आणि रेल्वे कॉलनीत आत्याच्या क्वार्टरमध्ये राहत होते. वय बावीस, डोकं तापट. एका रविवारी सकाळी अंगणात वह्या तपासत बसले होते, तर मैदानाकडून एक आवाज आला. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडावी तसा, पण केवढा तरी मोठा. वह्या तशाच टाकल्या आणि चपला न घालता पळाले.

मैदानाच्या मधोमध एक म्हातारे गृहस्थ हातात लाकडी मूठ धरून स्वतःभोवती फिरत होते. मुठीपासून दोन बारीक पोलादी तारा निघाल्या होत्या, आणि तारांच्या दुसऱ्या टोकाला, वीसेक पावलांवर, हातभर लांबीचं विमान त्यांच्याभोवती घिरट्या घालत होतं. खरंखुरं विमान! खऱ्या इंजिनाचं! मूठ मागं झुकवली की ते वर जायचं, पुढं झुकवली की गवताला पोट घासेल इतकं खाली यायचं. अगं आई गं! मी जागच्या जागी उड्या मारल्या. शाळेतल्या चार मुली तिथंच उभ्या होत्या. त्यांच्यासमोर त्यांच्या बाईंनी दोन्ही हात वर करून "आलं, आलं, आलं!" असं किंचाळणं बरं दिसत नाही, पण मी किंचाळले.

ते गृहस्थ रेल्वेचे निवृत्त इंजिन ड्रायव्हर. अँग्लो-इंडियन, सगळी कॉलनी त्यांना अंकल म्हणायची. जन्मभर वाफेची इंजिनं चालवली आणि आता हे मुठीएवढं विलायती इंजिन. त्याचं तेल अंकल घरीच बनवायचे: ईथर, रॉकेल आणि एरंडेल, सारख्या भागानं. एरंडेल ते इतकं न्यायचे की औषधाच्या दुकानदारानं एकदा काळजीनं विचारलं म्हणे, "सायेब, पोट आजून साफ व्हत न्हाई व्हय?" उडवून झालं की विमानाला, तारांना, अंकलना, सगळ्यांना तोच उग्र तेलकट वास यायचा. तो वास आजही कुठं आला तर मला उठून मैदानाकडं पळावंसं वाटतं.

मी दर रविवारी जायला लागले. पहिल्यांदा मूठ हातात घेतली तेव्हा पाचव्या फेरीला चक्कर येऊन खाली बसले, आणि विमान माझ्याही आधी बसलं. एक पंख मोडला. आता म्हातारा झापणार म्हणून मीच आधी तोंड सोडायच्या तयारीत होते. पण अंकलनी मोडका पंख काखेत मारला आणि पुढच्या रविवारी दुरुस्त करून आणला. दोन महिन्यांत मला पूर्ण टाकीभर, म्हणजे इंजिनातलं तेल संपेपर्यंत, उडवता यायला लागलं. काय सांगू तुम्हाला! त्या तारांतून विमान जे ओढ देतं ना, ती थेट खांद्यापर्यंत येते. आठवडाभर मी फळ्यावर खडू धरला तरी हाताला ती ओढ जाणवायची.

मैदानावर आणखी एक जण यायचा, दौंड स्टेशनातला बुकिंग क्लार्क. उंच, हसरा, अंगात टेरिलीनचा रेडिमेड बुशशर्ट. त्याचा भाऊ बोटीवर होता. त्यानं परदेशातून त्याला एक तयार विमान आणून दिलं. खोका उघडला आणि मी खलास! लालचुटूक, चकाचक प्लॅस्टिक. कुठं एक सांधा दिसेल तर शपथ. काचेच्या टोपणाखाली चक्क टोपी घातलेला इवलासा पायलट बसवलेला. "बाई, उघडा, तेल भरा, उडवा," क्लार्क म्हणाला. "रात्रंदिवस लाकडं कोण तासत बसणार?" मला ते शंभर टक्के पटलं. मला वाती वळायला बसवलं तरी तिसऱ्या वातीला माझा संयम सुटतो.

त्याचं एकच दुर्दैव झालं. माणूस फार टापटिपीचा. पहिल्या रविवारी उडवून घरी गेला, इंजिनाला तेलाचा चिकटा बसला म्हणून त्यानं ते नळाखाली स्वच्छ धुतलं आणि देवळीत ठेवलं. पुढच्या रविवारपर्यंत ते गंजून आतून घट्ट. विमान नवं कोरं, इंजिन ठार.

अंकलना तयार विमानाचा मनस्वी तिटकारा. ते स्वतः लाकूड तासून बनवायचे, नाहीतर किट आणून जोडायचे; म्हणजे खोक्यात लाकडाच्या पातळ फळ्या आणि नकाशा येतो, बाकी सगळं आपण करायचं. "ये एरोप्लेन नहीं, गुडिया है," ते लाल विमानाकडं बघून म्हणायचे. क्लार्कही काही कमी नव्हता. एकदा तो म्हणाला, "अंकल, तुम्ही चाळीस वर्षं गाडी चालवलीत. इंजिन काय तुम्ही बनवलं होतं? तयारच मिळालं ना?"

आम्ही सगळे हसलो. अंकलनी हातातल्या फडक्यानं इंजिन पुसलं. मग म्हणाले, "नहीं बनाया. लेकिन बीच जंगल में बंद पड़ा तो किसको बुलाता था? मैंच खोलता था." आणि मग बोट वर करून: "सुनो. इंजिन चालू है, तब तक दरवाज़ा भी उड़ेगा. इंजिन बंद होने के बाद देखो, प्लेन कैसा है."

दसरा झाला आणि अंकलनी बॉम्ब टाकला. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात होती. ते जानेवारीत कायमचे तिच्याकडं निघाले होते. सगळं सामान वाटून टाकणार. "और इंजिन?" क्लार्कनं आणि मी एकदमच विचारलं. दौंडमध्ये चालू इंजिन हे एकच. बाजारात ते मिळत नव्हतं; परदेशातून कुणी आणलं तरच. हे इंजिन गेलं की माझं उडवणं संपलं, कायमचं!

अंकलनी आम्हा दोघांकडं बघितलं. संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यांचा शेवटचा दिवस मैदानावर. त्या दिवशी दोघांनी आपापलं विमान आणायचं, हेच इंजिन दोन्हींना आळीपाळीनं लावायचं. जे विमान पूर्ण टाकी उडेल आणि न मोडता आपल्या चाकांवर उतरेल, त्याला इंजिन. दोन्ही उतरली तर चिठ्ठी टाकू.

"पण माझ्याकडं विमानच नाही!" मी ओरडले.

अंकल घरात गेले आणि एक खोका घेऊन आले. त्यांचं शेवटचं किट. आत हलक्या, पांढुरक्या बाल्सा लाकडाच्या कोऱ्या फळ्या, आणि घडी घातलेला मोठा नकाशा. कागदावर प्रत्येक भागाचा आकार छापलेला. तो फळीवर उतरवायचा आणि कापायचा. "टीचर," अंकल म्हणाले, "लाइन पे काटना. अंदर नहीं, बाहर नहीं. लाइन पे." मी मान डोलावली. दुसरी फळी मिळणार नव्हती, तेव्हा मान डोलावण्यावाचून इलाजच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत खोका घेऊन मी शिरूरला आले.

आता त्या दिवाळीचं सांगायलाच हवं. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. दोन मशिनी, दोन कारागीर, आणि आप्पांच्या गळ्यातली टेप उतरायचीच नाही. पहाटेपर्यंत खडखडाट. पण त्या वर्षी बरोबर समोर तयार कपड्यांचं दुकान निघालं होतं. दोरीवर टांगलेले शर्ट वाऱ्यावर हात हलवून गिऱ्हाइकं बोलवत होते. कारागीर निघून गेलेले. दिवाळी आठ दिवसांवर, आणि आमच्या मशीनवर चादर! आप्पा स्टुलावर बसून कात्रीला उगाच तेल देत होते. मी ते पाहिलं. पण खरं सांगते, माझ्या डोक्यात तेव्हा फक्त विमान होतं.

पहिल्या दोन दिवसांत मी विमानाचं धड कापलं, अगदी रेघेवर, श्वास रोखून. मग पंखांचा नकाशा आणि फळ्या बेतायच्या टेबलावर पसरून ठेवल्या आणि मैत्रिणीकडं फराळाचं करू लागायला गेले. चार तासांनी परत येते तर आप्पा खुशीत! टेबलावर एका ओळीत पंखाच्या सोळाच्या सोळा फासळ्या कापून ठेवलेल्या. दाढीच्या ब्लेडनं, धार अशी की बघत राहावं.

"कापलं बग सगळं," आप्पा म्हणाले. "तुला दोन रोज लागलं आसतं."

मी एक फासळी उचलून नकाशावर ठेवली. ती आकाराच्या बाहेर आली. दुसरी ठेवली. तीही. चहूबाजूंनी सारखीच मोठी, पाव इंचानं. तिसरी, चौथी, सगळ्या! आणि एवढ्या मोठ्या कापण्यात फळ्या संपलेल्या; पंखाच्या कडांना लाकूडच उरलं नव्हतं.

"आप्पा! हे काय केलंत? रेघेवर कापायचं होतं!"

"रेगंवर?" आप्पा माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले की जणू येडी मीच. "रेगंवर कुनी कापतं का? मग शिवणीत काय जाईल? माया नको का सोडाया?"

शिंप्याच्या घरचे नसाल तर सांगते. कपडा बेतताना शिवणीच्या आत थोडं कापड जास्तीचं राखतात, त्याला माया म्हणतात. पोर उंच झालं, माणूस अंगानं भरला, की शिवण उसवायची आणि माया बाहेर काढायची. तोच सदरा आणखी दोन वर्षं जातो. तयार कपड्यात ती नसते, आणि आप्पांचा सगळा राग त्यावरच होता. चाळीस वर्षांत त्यांच्या हातानं रेघेवर कधी कापलंच नव्हतं. कागदावर आकार दिसला, की कात्री आपोआप पाव इंच बाहेरून फिरायची.

पण मला तेव्हा हे कुठलं सुचायला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "विमानाला शिवण नसते! विमान काय अंगानं भरणार आहे? दुसरी फळी मिळत नाही कुठं, कळतंय का तुम्हाला? इंजिन गेलं माझं!" आणि मग मी ते वाक्य बोलले. "यापेक्षा तयार आणलं असतं तर बरं झालं असतं! निदान मापात तरी असतं!"

समोरच्या दुकानात कुणीतरी घासाघीस करत होतं, ती आत शब्दन् शब्द ऐकू येत होती. आप्पांनी टेबलावरचे कपटे ओंजळीत गोळा केले आणि बाहेर टाकून आले. मला लगेच वाटलं की पाय धरावेत. पण राग आला की माझी मान वाकत नाही. ही मला लागलेली कीड आहे. मी धड उचललं, पंखांकडं पाठ फिरवली आणि सुट्टी संपायच्या आतच दौंडला निघून आले.

दोन महिने मी शाळा, वह्या आणि धुमसणं एवढंच केलं. रविवारी मैदानावर जायचे, क्लार्क विचारायचा, "बाई, कुठवर आलं विमान?" मी सांगायचे, "येतंय." कुठलं यायला!

संक्रांतीला घरी गेले. दुकानात पाऊल टाकलं आणि मान आपोआप वर गेली. पूर्वी जिथं शिवलेले कोट टांगायचे, त्या आकड्यांना दोन पंख टांगलेले होते. पुरे झालेले! सोळाही फासळ्या पट्ट्यांवर ताठ उभ्या, आणि वरून कोटाच्या अस्तराचं तलम कापड चढवलेलं. एक पंख मोतिया, दुसरा जांभळा, कारण उरलेले तुकडे तेवढेच होते. कडेला हातशिलाई, मुंगीच्या पावलांएवढे टाके. कापड ताठ बसावं म्हणून सुताराकडचं पॉलिश फिरवलेलं. बोटानं टिचकी मारली तर डफासारखं वाजलं. आणि जिथं लाकूड कमी पडलं, तिथं आप्पांनी बाशिंगं करणाऱ्या आपल्या मित्राकडून भेंड आणलं होतं. भेंड म्हणजे ज्याची लग्नातली बाशिंगं करतात ते, फुंकर मारली तर उडेल असं.

इंग्रजीचं एक अक्षर आप्पांना वाचता येत नव्हतं. नुसती चित्रं बघून केलं होतं सगळं. मी उभीच राहिले. आप्पा म्हणाले, "बसतंय का बग." बस्, तेवढंच.

बसत नव्हतं, अर्थातच! धड रेघेवरचं, पंख मायेचे. धडाची खाच मी कानसेनं वाढवत नेली, आप्पांनी पंख धरले, आणि शेवटी ते आत गेले. विमान असं दिसायला लागलं की लहान पोरानं बापाचा कोट घालावा. जाडजूड, रुंद, दोन रंगांचे पंख आणि मध्ये बारकं धड. मी हसत सुटले. आप्पाही हसले, पण माझ्याकडं न बघता. दिवाळीबद्दल तेही बोलले नाहीत आणि मीही.

रविवारी पहाटेच्या यष्टीनं आम्ही दोघं दौंडला निघालो, न्हावऱ्यावरून. विमान माझ्या मांडीवर, एक पंख आप्पांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "ताई, उडतंय तर यष्टीत कशाला बशिवलंया?" गाडीभर हशा. न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. ड्रायव्हर ब्रेक दाबायचा आणि दर ब्रेकला आप्पांचे दोन्ही हात पंखाच्या पुढं आडवे व्हायचे.

मैदानावर निम्मी कॉलनी जमली होती. अंकल टायबिय लावून आलेले! आमचं विमान बघून पोरं फिदीफिदी हसली. क्लार्क हसला नाही, म्हणाला, "बाई, रंग झकास आहे." अंकलनी चष्मा वर केला, पंखाकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि बाजूला झाले.

आधी क्लार्क. अंकलनी इंजिन लाल विमानाला बसवलं, तेल भरलं, पंख्याला बोटानं झटका दिला. फट्! फट्! टर्रर्र! आणि ते सुटलं. काय उडलं हो ते! मी खोटं बोलणार नाही. सुरीसारखं हवा कापत गेलं. क्लार्क माझ्यापेक्षा चांगला उडवायचा. त्यानं त्याला दोनदा उलटं फिरवून कोलांटी मारायला लावली. मी स्पर्धा विसरून टाळ्या वाजवत होते. मग टाकी संपली. आवाज बंद झाला आणि एकदम कळलं की ते प्लॅस्टिक किती जड आहे. वरून दगड सोडावा तसं ते खाली आलं. क्लार्कनं मूठ मागं खेचली, पण आता तारांत ओढच नव्हती. चाकं आपटली, एक निखळलं, नाक जमिनीत गेलं आणि लाल तुकडे उडाले. इवला पायलट घरंगळत माझ्या पायापाशी आला. इंजिनाला काही झालं नव्हतं. क्लार्क खाली बसून तुकडे एकमेकांना लावून बघत होता. ते कुठंच बसत नव्हते. मला भारी वाईट वाटलं त्याचं.

आता मी. विमान धरून ठेवायला आणि इशारा केला की सोडायला कुणीतरी लागतं. आप्पा आपणहून पुढं झाले, गवतात गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी शेपटी धरली. अंकलनी झटका दिला. टर्रर्र! एरंडेलाचा फवारा थेट आप्पांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर. त्यांनी डोळे मिटले, पण पकड सोडली नाही. "सोडा आप्पा! सोडा!"

सुटलं! गवतावरून दोनच हात धावलं आणि उचललं गेलं. किती हळू! लाल विमानाच्या निम्म्या वेगानं, म्हशीनं डुलत यावं तसं. पण सरळ. दहा फेऱ्या, वीस फेऱ्या. कोलांटी मारायची माझी छाती नव्हती. मी फक्त त्याच्याकडं बघत गरागरा फिरत होते. मोतिया पंख, जांभळा पंख, मागं रेल्वेचा धूर, शाळेच्या पोरी, तेलानं माखलेले आप्पा, पुन्हा मोतिया, जांभळा. मी जोरजोरात हसत होते, माझं मलाच ऐकू येत होतं.

आणि आवाज बंद झाला.

इंजिन बंद, विमान वर. मी पडायची वाट बघत होते. पण ते पडेना! ते रुंद, जाडे पंख हवेला टेकून राहिले. तारांत ओढ होती. हलकी, पण होती. एक अख्खी फेरी ते बिनआवाजाचं तरंगत आलं. मग आणखी निम्मी. मग पंख जरा वर उचलून, नव्या नवरीनं उंबऱ्यावर पाऊल ठेवावं तसं ते चाकांवर टेकलं, चार हात धावलं आणि थांबलं. काही मोडलं नाही. काहीही!

पोरींनी जो आरडाओरडा केला तो स्टेशनात ऐकू गेला असेल. मी मूठ टाकून धावले. पण अंकल माझ्याआधी विमानापाशी पोचले होते. त्यांनी माझ्याकडून नकाशा मागून घेतला, पंखावर ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "टीचर, ये मेरे ड्रॉइंग का पंख नहीं है. किसने काटा?"

बाद करतात की काय? मी सांगू शकले असते की मीच विचार करून मोठे केले. खरंच ते जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आप्पा पुढं आले, हात जोडून.

"सायेब, चूक माजी हाय. पोरीनं रेगंवरच सांगितलं हुतं. मी टेलर मानूस. हातानं माया सोडली."

"माया? क्या माया?"

आप्पांनी इकडंतिकडं बघितलं, सरळ क्लार्कच्या रेडिमेड बुशशर्टाची कड धरली आणि उलटी करून दाखवली. "ह्यात बगा. हाय का काय? न्हाई." मग स्वतःच्या तेलकट सदऱ्याची कड उलटली. आत दुमडलेलं बोटभर कापड. "ही माया. मानूस कसा वाढंल ते आपल्याला कुटं ठावं आसतं? म्हनून ठेवायची." क्लार्क बिचारा हसून म्हणाला, "आता शर्टावर पण आले का सगळे!"

अंकलनी त्या दुमडीवरून अंगठा फिरवला. मग पंखाच्या कडेवरून. मग खाली बसले, चार स्क्रू काढले, इंजिन रुमालानं पुसलं, आणि माझ्या पसरलेल्या हातांवरून पुढं नेऊन आप्पांच्या तळहातावर ठेवलं. "मिस्त्री को देता हूँ," म्हणाले. ते अजून गरम होतं. आप्पांनी ते या हातातून त्या हातात केलं. "मला काय करायचं ह्ये? पोरीचं हाय," असं म्हणून त्यांनी ते माझ्या ओंजळीत टाकलं. मी तिथंच, सगळ्या मैदानासमोर, रडले. बाईपण गेलं खड्ड्यात.

दुपारी आप्पांना यष्टी स्टँडवर सोडायला गेले. बाकावर आम्ही दोघं, पिशवीत इंजिन, दोघांच्या अंगाला एरंडेलाचा वास. शिरूरची गाडी लागायला अवकाश होता. मी सगळा धीर गोळा केला.

"आप्पा, दिवाळीत मी तुम्हाला बोलले..."

"काय बोललीस?"

"तयार आणलं असतं तर बरं झालं असतं, असं."

आप्पांनी सदऱ्यावरचा तेलाचा डाग नखानं खरवडला. "आसं बोललीस व्हय?" ते म्हणाले. "मला न्हाई बा ऐकू आलं. मशीनचा खडखडाट किती आसतोय दुकानात."

गाडी लागली. ते चढले, खिडकीशी बसले, आणि गाडी स्टँडाबाहेर वळेपर्यंत मी हात हलवत राहिले. मशीन बंद होतं त्या दिवशी. दिवाळी तोंडावर होती आणि मशीनवर चादर होती.